राऊटरचं निर्माल्य

“थांब!” जानरावजी ओरडले, पण ओरडण्याच्या आधीच त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलेलं होतं. मशीनचा आवाज उतरत उतरत डासाएवढा झाला आणि थांबला. भास्करने टेबलावरचं लाकूड उलटं केलं, एक डोळा मिटून त्याच्यातल्या खाचेतून पाहिलं आणि ते माझ्या हातात ठेवलं. जणू माझी सही झाली की ते सरळ होणार होतं.

“पहा भाऊजी. इकडून तीन सूत खोल, तिकडून पाच. दरवाजा करून रायलो का घसरगुंडी?”

मी तहसील कचेरीतला कारकून. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. तरी मीही एक डोळा मिटला, खाचेतून पाहिलं आणि “हं” म्हणालो. कचेरीत असा एक “हं” पुष्कळ दिवस पुरतो.

लग्नानंतरचा माझा तो पहिला दसरा. सासुरवाडी परतवाड्याची. सुतारांचं घर, पुढे कारखाना आणि मागे बिऱ्हाड. सासरे जानरावजी मांडवगडे म्हणजे त्या भागातला हातकामाचा शेवटचा शब्द. त्यांनी पटाशीने पाडलेल्या खाचेत फळी सरकवली की ती आत जाताना उसासा टाकते, असं लोक सांगायचे. मेहुणा भास्कर मात्र नव्या जमान्याचा. पोळ्याच्या सुमाराला त्याने हट्टाने राऊटरचं टेबल आणलं होतं.

हे टेबल म्हणजे अजब प्रकरण. त्याच्या पोटात एक मोटर उलटी टांगलेली. तिच्या डोक्यावर बसवलेलं धारदार पातं टेबलाच्या भोकातून बोटभर वर आलेलं. त्याला बिट म्हणतात. लाकूड टेबलावरून सरकवत न्यायचं, खालून खाच पडत जाते. बिटाचा दांडा एका चिरा पाडलेल्या पोलादी नळीत बसतो. तिला कॉलेट म्हणतात. वरून नट आवळला की ती दांड्याला गच्च मिठी मारते. म्हणजे मारायला पाहिजे. मांडवगड्यांच्या घरची मारत नव्हती. लाकूड अर्ध्यावर गेलं की बिट हळूच वर सरकायचं आणि खाच खोल होत जायची.

“आण इकडं,” जानरावजी म्हणाले. त्यांनी ते बिघडलेलं लाकूड मांडीवर घेतलं, खाचेत सागाची बारीक पट्टी चिकटवली, आणि पुढच्या लाकडावर मार्किंगची रेघ मारून पटाशी चालवायला लागले. गुणगुणत. भास्कर शेजारी उभा राहून बघत होता. त्याचं तोंड पडलेलं होतं, सासऱ्यांचं मात्र नुकतंच लग्न ठरल्यासारखं दिसत होतं.

काम मुलींच्या वसतिगृहाच्या दरवाजांचं होतं. कोजागिरी झाली की तिथला सुपरवायझर मोजमाप तपासायला येणार होता. हातांनी ते काम त्या मुदतीत होण्यासारखं नव्हतं, हे जानरावजींनाही माहीत होतं.

दुपारी जेवताना भास्करने ताटातली भाकरी बाजूला सारली.

“आता लास्ट सांगून ठेवतो. हे दरवाजे बसले नाही, तर मशीन वापस. अन् मी पुण्याले. संज्याच्या कंपनीत जागा हाय.”

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. “कुठं जातं रे बापा? तुझ्या हातची वस्तू लोक अमरावतीवरून पाहाले येतात.”

“माझ्या हातची नाही, बाबांच्या हातची.”

जानरावजींनी ठेच्याची वाटी पुढे ओढली. “जाऊ दे त्याले,” ते म्हणाले. “तिकडं बिट सरकत नसतीन.”

पण त्यांनी ठेचा वाढूनच घेतला नाही. वाटी हातात धरून बसले. माझी बायको कुमुद हे सगळं बघत होती. तिने मला टेबलाखालून पायाने ढोसलं. आम्ही जमिनीवर जेवत होतो, पण ती ढोसण्याची जात टेबलाखालचीच होती.

मागच्या ओसरीवर तिने मला गाठलं. “तुम्ही काहीतरी करा ना.”

“मी? मला साधा खिळा ठोकता येत नाही.”

“खिळा ठोकू नका. नुसतं पहा. कचेरीत काय करता दिवसभर?”

हा प्रश्न मला अनेकांनी विचारला होता, पण उत्तराची अपेक्षा ठेवून नव्हे.

मी चौकशी सुरू केली. मशीनसोबत माहितीची पुस्तिका आली होती, पण ती टेबलाच्या एका पायाखाली होती. टेबल डगमगत नव्हतं, एवढा तिचा उपयोग होत होता. बिट खोटं असेल म्हणून भास्करने नवं आणून पाहिलं होतं. दांडा बारीक असेल म्हणून तोही मोजला होता. कॉलेट दोन सुताचं आणि दांडाही बरोबर दोन सुताचा. नट तर त्याने पाना धरून असा आवळला होता की त्याच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या दिसायला लागल्या. बिट तरीही सरकत होतं. सासूबाईंनी दृष्ट लागली म्हणून टेबलावर लिंबू-मिरची टांगली. मशीन चालू झाली तशी त्यातली मिरची सुटली आणि मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, चहात पडली. त्यांनी ती काढून चहा पिऊन टाकला. दृष्ट उतरली असेल तर त्यांची उतरली असेल.

“सुरुवातीपासून असंच होतं का?” मी भास्करला विचारलं.

“कुठचं! पोळ्यापासून नवमीपर्यंत काय चालली म्हणता! लोणी कापल्यावाणी.”

“नवमीला काय झालं?”

“काय होणार? खंडेनवमी. हत्यारांची पूजा. त्या दिवशी तर मशीनले कोणी हातही नाही लावला.”

खंडेनवमीला मी तिथेच होतो. करवती, रंधे, पटाश्या पाटावर ओळीने मांडल्या होत्या. पूजा स्वतः जानरावजींनी केली होती आणि राऊटरला पहिला मान दिला होता. भास्करचे डोळे भरून आले होते. पोळ्यापासून ज्या मशीनकडे बापाने मान वळवून पाहिलं नाही, तिला त्याने हळदकुंकू वाहिलं. नवी मशीन म्हणून पुढे दिवाळीपर्यंत रोज सकाळी तिची पूजा करायचं व्रतही घेतलं. त्या घरचा रिवाज असा, की पूजेचं कुंकू फडक्याने पुसायचं नाही. ते कामानेच जायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी जरा लवकर उठलो. सरकारी नोकराच्या हिशेबाने हे मोठं बलिदान होतं. कारखान्यात उदबत्तीचा वास सुटला होता. जानरावजी आंघोळ करून, अनवाणी, टेबलापुढे उभे होते. त्यांनी पान्याने नट सोडवला, कॉलेट बाहेर काढलं आणि ताम्हनात ठेवलं. गंध लावलं, फूल वाहिलं. मग शिशीतून जवसाचं तेल घेतलं आणि दोन थेंब बाहेरून नाही, नळीच्या आत सोडले. बोटाने नीट फिरवले. वर कुंकवाची चिमूट.

“मामाजी, तेल आतून?”

ते दचकले नाहीत. “जवाईबापू, देवाले न्हाऊ घालतो तवा नुसते पाय ओले करतो का?”

मग त्यांनी कॉलेट जागेवर बसवलं, त्यात बिट सोडलं आणि वरून अंगठ्याने दाबलं. “टेकलं पायजे तळाले. देव पाटावर बसतो तसं.” नट आवळला, हात जोडले आणि बाहेर गेले.

मी कुमुदला हे सगळं सांगितलं. ती वेणी घालता घालता थांबली.

“बाबा? अन् रोजची पूजा? अहो, आमच्याकडे गणपतीची आरती सुरू झाली की बाबा विडी प्यायला अंगणात जातात. आईने कितीदा भांडून पाहिलं.”

कुठेतरी पाणी मुरत होतं. खरं म्हणजे तेल.

आमच्या कचेरीत देशकर नावाचे बडे बाबू होते. त्यांच्या कपाटाचं कुलूप असं, की किल्ली पूर्ण आत घालून, मग किंचित उचलून, डावीकडे झुकवली तरच उघडायचं. नवं कुलूप कितीदा तरी मंजूर झालं आणि दर वेळी देशकरांनीच ते अनावश्यक खर्च म्हणून परत पाठवलं. निवृत्त झाल्यावरही त्यांना घरून बोलावणं जायचं. ते इस्त्रीचा सदरा घालून यायचे, कुलूप उघडायचे, चहा घ्यायचे आणि कुलूप लावून जायचे. मला एकदम देशकर आठवले. पण सासऱ्याला पुरावा दाखवून जाब विचारणं कोणत्याही सेवानियमात बसत नाही.

मार्ग कुमुदने काढला. नाश्त्याच्या वेळी ती चेहरा गंभीर करून म्हणाली, “आई, देवावरचं कालचं फूल आज ठेवतात का गं?”

“हे काय इचारणं झालं? निर्माल्य होते ते. काढा लागते.”

“मग मशीनचं कोणी काढलं?”

सासूबाईंच्या हातातला चमचा थांबला. नवमीपासून वाहिलेलं कुंकू, तेल, गंध, सगळं त्या नळीत साचलेलं! रोज नवी पूजा आणि जुनं निर्माल्य खाली तसंच! “अगो बाई,” त्या म्हणाल्या, “मंग मशीन चालन कशी?”

“कामानंच गेलं पायजे ते,” जानरावजी घाईने म्हणाले. “रिवाज हाय.”

“बाहेरचं जाईल बाबा. आतलं कसं जाईल? आत तर काही कामच होत नाही.”

जानरावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं.

उत्तरपूजा थाटात झाली. सासूबाईंनी अक्षता टाकल्या. भास्करने कॉलेट काढून थिनरमध्ये बुडवलं आणि जुन्या दातांच्या ब्रशने त्याच्या चिरा घासल्या. आतून निघालेला लाल चिखल बघून सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

“देवाले थिनर?” जानरावजी पुटपुटले.

“तिरथासारखंच पातळ हाय,” कुमुद म्हणाली.

कोरडं, लख्ख कॉलेट बसवलं. भास्कर नट आवळायला गेला तसे जानरावजी पुढे झाले. “बिट मी बसवतो. आज शुभ दिवस हाय.” त्यांनी बिट सोडलं, अंगठ्याने तळाला टेकवलं आणि नट आवळला. मशीन सुरू झाली. लाकूड सरकायला लागलं. अर्धं गेलं, पाऊण गेलं. भास्करचा चेहरा उजळत चालला.

“थांब!”

बटण बंद झालं होतं. खाच शेवटाला एका सुताने खोल होती. आधीपेक्षा कमी, पण दरवाजा बिघडायला तेवढी पुरते.

“पाह्यलं?” जानरावजी पटाशी उचलत म्हणाले. “निर्माल्याचा काही दोष नव्हता.”

भास्करने हातातलं फडकं टेबलावर टाकलं आणि घरात गेला. थोड्या वेळाने कुमुद सांगत आली, की तो माळ्यावरून पेटी काढतो आहे आणि आई माळ्याच्या शिडीला धरून बसली आहे.

मी अंगणात गेलो. जानरावजी कडुनिंबाखाली विडी ओढत होते. जवळ आरती वगैरे काही चालू नव्हती. मी शेजारी बसलो.

“मामाजी, एक विचारू?”

“इचारा.”

“बिट सरकतं हे भास्करला खाच उलटी करून पाहिल्यावर कळतं. तुम्हाला त्याच्या आधीच कसं कळतं? तुमचा हात तर मशीन सुरू झाल्यापासून बटणावरच असतो.”

त्यांनी विडी एका बाजूने ओली झाली की काय ते पाहिलं. झाली नव्हती.

“ते पातं पुरं बाहेर आलं तर?” शेवटी ते म्हणाले. “पोराच्या हाताले लागलं तर? हात ठेवा लागते बटनावर.”

“मग सरकूच कशाला देता?”

आतून पेटी ओढल्याचा आवाज आला. त्यांनी तिकडे मान वळवली.

“पोळ्यापासून नवमीलोग ते मशीन चालली न जवाईबापू, मी त्या खाटीवर बसून होतो. सकाळी बसलो का सांजेलोग. पोरगं येता जाता म्हणे, बाबा, चहा घ्या. चहा! याले पटाशी धराले मी शिकवली, अन् मले चहा घ्या म्हणते.” विडी विझली होती, तरी त्यांनी एक झुरका घेतला. “आता निदान हाक तरी मारते. बाबा, पहा बरं, म्हणते.”

“आणि पुण्याला गेला की?”

ते माझ्याकडे पाहत राहिले. बहुतेक हा हिशेब त्यांनी मांडला होता, पण त्याची बेरीज मुद्दाम केली नव्हती.

मी त्यांना देशकरांची गोष्ट सांगितली. अगदी किल्ली उचलून डावीकडे झुकवण्यापर्यंत. “त्यात एक लक्षात घ्या मामाजी. देशकरांनी काम कधी बंद पाडलं नाही. कुलूप रोज उघडायचं. फक्त त्यांच्याच हातून उघडायचं.”

जानरावजींनी विडी फेकली आणि उठले. भिंतीला टेकवलेल्या एका जुन्या सायकलकडे गेले, तिच्या फाटक्या ट्यूबचा नखाएवढा तुकडा चाकूने कापला आणि थेट कारखान्यात शिरले.

“भास्कर! इकडं ये. पेटी ठेव ते.”

भास्कर दारात उभा राहिला. हातात घडी घातलेला सदरा तसाच होता.

“बिट बसवणं पोरासोराचं काम नाही,” जानरावजी म्हणाले. “ध्यान लागते त्याले. आजपासून पाना माझ्याजवळ. बिट मी बसवीन, मीच काढीन. पाह्याचं असन तर पाय.”

त्यांनी बिट काढलं. रबराचा तुकडा नळीच्या तळाशी टाकला, वरून बिट सोडलं आणि या वेळी दाबलं नाही. दोन बोटांत धरून नखभर वर उचललं आणि तसंच धरून नट आवळला. फार जोर नाही लावला. मला तेव्हा कुठे समजलं. नट आवळताना कॉलेट दांड्याला जरा खाली ओढून घेतं. दांडा आधीच तळाला टेकलेला असला, तर त्याला जायला जागा राहत नाही, आणि कॉलेट नुसतं मिठी मारल्याचं सोंग करतं. तळाशी जरा मोकळीक ठेवली की पकड बसते. घरोघरी हेच आहे, पण ते मला अजून कळायचं होतं.

मशीन सुरू झाली. बटणापाशी कोणीच उभं नव्हतं. जानरावजी हाताची घडी घालून टेबलासमोर उभे होते. लाकूड या टोकाचं त्या टोकाला गेलं. भास्करने ते उलटं केलं, डोळा मिटला, मग पट्टी लावून पाहिली. पुन्हा दुसऱ्या टोकाला लावली.

“बाबा... तीन सूत. इकडूनही तीन.”

“मंग?”

“कसं केलं?”

“ध्यान,” जानरावजी म्हणाले आणि पाना कमरेच्या करदोट्याला अडकवून चहा मागायला गेले. या वेळी स्वतःहून.

दरवाजे वेळेत बसले. सुपरवायझरने दोष काढायचा म्हणून रंगाला नाव ठेवलं, जो अजून लागलेला नव्हता. भास्करची पेटी परत माळ्यावर गेली. तेव्हापासून त्या घरात दिवसातून कितीतरी वेळा एकच हाक ऐकू यायची, “बाबा, पाना!” बिट बदलायचं म्हटलं की बाबा, धार लावायला काढायचं म्हटलं की बाबा. मामाजी जेवत असले तर हात धुऊन यायचे. झोपलेले असले तर झोपलेले नव्हते असं सांगून यायचे. राऊटरची रोजची पूजा मात्र त्याच दिवशी बंद पडली. व्रत पूर्ण झालं, असं ते म्हणाले.

मधे पुष्कळ वर्षं गेली. मी निवृत्त झालो. गेल्या दसऱ्याला आम्ही परतवाड्याला होतो. कारखाना वाढला आहे, राऊटरच्या मोटरची वायंडिंग कितीदा तरी भरून झाली आहे. मामाजी आता फारसे चालत नाहीत. त्यांची खाट कारखान्याच्या दारात असते, आणि करदोटा सैल झाल्यामुळे पाना उशाखाली. बिट बदलायचं झालं की भास्कर मोटर सोडवून टेबलातून काढतो आणि खाटेपाशी आणून धरतो. मामाजी थरथरत्या बोटांनी बिट नखभर उचलतात, पाना फिरवतात. भास्कर “बसलं बाबा” म्हणतो आणि मोटर आत नेतो.

मला पेन्सिल हवी होती म्हणून मी आत भास्करच्या टेबलाचा खण उघडला. आत एक पाना होता. तसाच, त्याच नंबरचा. दांड्याला कंपनीचा तेलकट कागद गुंडाळलेला होता, पण तोंड घासून चकचकीत झालेलं. मी तो उचलला तेवढ्यात भास्कर आला. त्याने माझ्या हातातून पाना काढून घेतला आणि दाराकडे पाहिलं.

“मशीनसोबत दोन येतात, भाऊजी,” तो हळूच म्हणाला. “त्यांच्या हातानं आता पुरतं आवळत नाही. मी आत आणून थोडंसं फिरवतो. त्यांना बोलू नका.”

“आणि आधी? इतकी वर्षं?”

“आधी कायले लागते? आधी ते बरोबरच आवळत होते.”

मी बाहेर येऊन खाटेपाशी बसलो. आतून मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. मामाजी डोळे मिटून ऐकत होते. आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा गेला तसे त्यांनी डोळे उघडले.

“जवाईबापू.”

“काय मामाजी?”

“त्याच्या खणात दुसरा पाना हाय.” त्यांनी उशीखाली हात घालून आपला जागेवर आहे ना ते चाचपलं. “पहिल्या दिवसापासून हाय. त्याले बोलू नका.”

मी जन्मभर सरकारी नोकरी केली. दोन्ही बाजूंची गोपनीय माहिती माझ्याकडे आहे. रीतसर कोणी मागितली नाही, म्हणून मीही ती दिलेली नाही.